दात काढल्यानंतर हन्वस्थि कसे भरून येते?

दंतोत्पाटन हे प्रामुख्याने दंतवैद्याचे कर्म असले, तरी त्यानंतरच्या आठ-दहा दिवसांत रुग्ण बहुधा आपल्याच दारी येतो. छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयात दात काढून घेतलेला रुग्ण सायंकाळी पैठण, सिल्लोड वा वैजापूरकडे परततो आणि रात्री ठणका लागला की गावातील वैद्यास किंवा औषधालयास गाठतो. नोव्हेंबर 2020 च्या अधिसूचनेने शल्य व शालाक्य या विषयांच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी जी 58 शस्त्रकर्मे निर्दिष्ट केली, त्यांत दंतोत्पाटनही आहे. म्हणून दात निघाल्यावर हनूमध्ये नेमके काय घडते, हे प्रत्येक व्यावसायिकास ज्ञात असणे इष्ट आहे.

चरकाचार्यांनी शारीरस्थानात अस्थिगणना करताना 32 दंतांबरोबर 32 दंतोलूखलेही स्वतंत्रपणे मोजली आहेत. दात ज्यात रोवलेला असतो ते हे उखळ. दात निघाल्यावर ते रिकामे होते, परंतु रिकामे राहत नाही. काही मिनिटांतच ते रक्ताने भरते व रक्त गोठून गुठळी बनते. ही गुठळी म्हणजे पुढील सर्व रोपणाचा पाया होय.

दोन-तीन दिवसांत गुठळीत सूक्ष्म रक्तवाहिन्या व नवे तंतू शिरू लागतात. सुमारे आठवड्यात तिच्या बऱ्याच भागाची जागा लालसर मांसांकुर घेतात. दुसऱ्या आठवड्यापासून उखळाच्या तळाकडून व भिंतींकडून कच्चे, जाळीदार अस्थि तयार होऊ लागते. वरून हिरडीची त्वचा साधारण तीन ते पाच आठवड्यांत मिटते. रुग्णास वाटते, जखम भरली. प्रत्यक्षात आत अस्थीचे कार्य तेव्हा अर्ध्यावरच असते. सहा ते आठ आठवड्यांत उखळाचा बराचसा भाग कच्च्या अस्थीने भरतो. ते पक्व होण्यास चार ते सहा महिने, क्वचित अधिक काळ लागतो.

या काळात हनूची कड झिजते, हेही लक्षात ठेवावे. दातामुळेच टिकून असलेला उखळाचा पातळ अस्थिभाग, विशेषतः ओठ व गालाकडील भिंत, दात गेल्यावर विरून जातो. दाढांच्या जागी वर्षभरात कडेची रुंदी सुमारे निम्म्याने घटते आणि त्यांतील दोन तृतीयांश घट पहिल्या तीन महिन्यांतच होते. कृत्रिम दात बसविण्याचा विचार असलेल्या रुग्णास दंतवैद्याकडे लवकर पाठवावे, ते यासाठीच.

गुठळी निसटली वा विरघळली, तर अस्थि उघडे पडते. यास दंतवैद्य ‘ड्राय सॉकेट’ म्हणतात. याची खूण अशी की, पहिल्या दिवशी कमी झालेली वेदना दुसऱ्या ते चौथ्या दिवशी एकाएकी वाढते, कानापर्यंत जाते, मुखास दुर्गंधी येते व उखळ रिकामे दिसते. खालच्या अक्कलदाढेनंतर व तंबाखू सेवन करणाऱ्यांत हे अधिक आढळते. अशा वेळी केवळ वेदनाशामक देऊन भागत नाही. उखळ धुऊन औषधी पट्टी भरण्यासाठी रुग्णास दंतवैद्याकडे परत पाठवावे. या पट्टीत पुष्कळदा लवंग तेलातील युजेनॉलच असते. परंतु रुग्णाने घरी कापसाने लवंग तेल थेट उखळात कोंबणे दाहकारक ठरते.

गुठळीचे रक्षण हेच पहिल्या आठवड्याचे खरे औषध. सुश्रुताचार्यांच्या व्याख्येनुसार द्रव मुखात फिरवता येतो तो कवल व फिरवता येत नाही तो गंडूष. पहिले 24 तास दोन्ही वर्ज्य करावेत. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाचे पाणी मुखात हलकेच धरून सोडून द्यावे. जोराने चूळ भरू नये. हळद, तुरटी वा दंतमंजनाची पूड उखळात दाबू नये. तिचे कण आत अडकतात. मशेरी, तंबाखू, विडी व नळीने द्रव ओढून पिणे बंद ठेवावे. तिसऱ्या दिवसानंतर दिसणारा पांढरट-पिवळा थर पुष्कळदा पू नसून ओल्या मुखातील खपलीच असते. वेदना, सूज वा दुर्गंधी नसल्यास ती खरवडू नये. अस्थिशृंखला वा लाक्षा गुग्गुळाने उखळ ठरल्या काळाआधी भरेल, असे आश्वासन विक्रीच्या वेळी देऊ नये.

सुश्रुताचार्यांनी दंतनाडीच्या संदर्भात सांगितले आहे की, दूषित दाताची उपेक्षा केल्यास नाडीची गती हन्वस्थीचा भेद करते, म्हणून तो मुळासह काढावा. हाच सावधपणा दात काढल्यानंतरही हवा. तीन-चार आठवड्यांनीही उखळ न मिटल्यास, त्यात मांस फोफावल्यास, ओठ बधिर झाल्यास वा अस्थि उघडे दिसल्यास रोपण द्रव्ये देत कालहरण करू नये. मुखाचा कर्करोग, अनियंत्रित मधुमेह, पूर्वी हनूवर झालेले किरणोपचार, तसेच अस्थिसौषिर्यासाठी किंवा कर्करोगात दिलेली अलेंड्रोनेट, झोलेड्रोनिक आम्ल, डेनोसुमॅब ही औषधे यांचा विचार करावा. या औषधांनी हन्वस्थि मृत होऊ शकते, हे 2003 पासून वैद्यकात नोंदले गेले आहे. 2021 साली कोविडनंतरच्या म्युकरमायकोसिसमध्ये वरचे दात हलणे व हनू दुखणे हीच अनेक रुग्णांची प्रारंभीची तक्रार होती. त्यांतील कित्येकांचा वरचा जबडा काढावा लागला.

औषधालयचालकांनी दात काढलेल्या रुग्णास तीन प्रश्न अवश्य विचारावेत: दात काढून किती दिवस झाले, वेदना कमी होत आहे की वाढत आहे, आणि मधुमेहाची, अस्थिसौषिर्याची वा रक्त पातळ करणारी औषधे चालू आहेत काय? रक्त पातळ करणारे औषध स्वतःच्या मनाने बंद करण्यास मात्र कोणासही सांगू नये. वेदना वाढत असल्यास, अथवा तोंड उघडेनासे झाल्यास वा गिळताना-श्वास घेताना त्रास होत असल्यास, औषधाची पुडी बांधण्यापूर्वी रुग्णास रुग्णालयाचा मार्ग दाखवावा. हिरडी मिटली म्हणजे अस्थि भरले असे नव्हे, एवढे जरी रुग्णाच्या मनावर ठसले, तरी पुढील कित्येक उपद्रव टळतील.