बाळाच्या कपड्यांत डांबरगोळी नको



त्र्यंबकेश्वरच्या पावसात कपडे दिवसच्या दिवस सुकत नाहीत. पेटीत कसर लागू नये म्हणून आपण डांबरगोळ्या टाकतो आणि त्याच पेटीतले दुपटे काढून बाळाला गुंडाळतो. बहुतेक बाळांना काही होत नाही. पण एखादे बाळ दोन-तीन दिवसांत पिवळे, निस्तेज पडते. लघवी काळ्या चहासारखी होते. मग घरात कुजबुज सुरू होते : नजर लागली, दोष आहे, शांत करून घ्या. दोष काढून देणाऱ्यांची आमच्या गावात वाण नाही. पण कारणाशिवाय काही घडत नाही, हे तथागतांनी आपल्याला शिकवले. इथले कारण रक्तातल्या एका विकरात असू शकते.

विकर म्हणजे एन्झाइम. भाकरीचा घास बराच वेळ चावला की गोडसर लागतो, कारण लाळेतले विकर पिठाची साखर करू लागते. आपल्या प्रत्येक पेशीत अशी अनेक विकरे राबत असतात. विकराला एक खाच असते. कुलपात किल्ली बसावी तसा ठरावीक पदार्थच तिच्यात बसतो, बदलतो आणि बाहेर पडतो. विकर मात्र संपत नाही. लगेच पुढच्या कामाला लागते. ते नसेल तर तेच काम फार मंद होते.

रक्तातल्या तांबड्या पेशींना घातक रसायनांपासून वाचवण्यात जी६पीडी या विकराचा मोठा वाटा असतो. काहींमध्ये ते जन्मतः कमी असते, मुलग्यांत जास्त. हा गुण आनुवंशिक आहे. यात आईचा काही अपराध नाही. एरवी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. पण विकर कमी असेल तर डांबरगोळीच्या वासाने किंवा हिवतापावरच्या प्रायमाक्विन गोळीने पेशी भराभर फुटतात.

म्हणून एवढे करू या :

• बाळाच्या कपड्यांत डांबरगोळी ठेवू नका. कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवा.
• प्रायमाक्विन सुरू करण्याआधी ‘जी६पीडी तपासणी हवी का?’ असे डॉक्टरांना विचारा. भीतीने औषध टाळू नका, हिवताप उलटतो.
• लघवी काळपट, डोळे पिवळे, धाप लागणे असे दिसले तर गोळी थांबवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. कोणती गोळी घेतली, ते दाखवा.
• तपासणीत विकर कमी निघाले तर तो कागद जपून ठेवा आणि प्रत्येक डॉक्टरांना दाखवा.

पूजेच्या खर्चाने विकर वाढत नाही. एका तपासणीने जीव वाचू शकतो.