यंत्राच्या पोटांतील यंत्र

ग्रामोफोनची तबकडी कितीहि जपून ठेविली, तरी तिला कान लावून गाणें ऐकूं येत नाहीं. त्यासाठीं यंत्र लागतें, आणि तें यंत्रहि योग्य गतीनें फिरावें लागतें. संगणकावरील जुन्या खेळांची स्थिति अगदीं अशीच आहे. कपाटाच्या तळाशीं साडेतीन इंची फ्लॉपींचा डबा सांपडावा, त्यांत ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हा खेळ असावा, आणि घरांतील नव्या संगणकानें तो चालविण्यास साफ नकार द्यावा, असा अनुभव पुष्कळांस येतो. खेळ शाबूत असतो. ज्या यंत्रासाठीं तो लिहिला, तें यंत्र मात्र राहिलेलें नसतें. तें यंत्र पुन्हां उभें करण्याची युक्ति म्हणजे आभासी यंत्र, अर्थात् व्हर्च्युअल मशीन.

जॉर्डन मेकनर यांनीं रचिलेला हा खेळ १९८९ सालीं ॲपल-२ या संगणकावर आला व पुढील वर्षीं डॉस या प्रणालीवर. डॉसच्या काळीं सामान्यतः एका वेळीं एकच प्रोग्रॅम चाले, आणि पडदा, कळफलक व ध्वनि यांच्याशीं तो थेट व्यवहार करी. आजच्या प्रणालीस एकाच वेळीं अनेक प्रोग्रॅम सांभाळावयाचे असतात. म्हणून ती कोणासहि यंत्रावर थेट हात टाकूं देत नाहीं. शिवाय हे खेळ १६ बिटांच्या आज्ञांत लिहिलेले असून ६४ बिटांची विंडोज तसे प्रोग्रॅम मुळींच चालवीत नाहीं. आणि २०२१ सालीं आलेली विंडोज ११ केवळ ६४ बिटांचीच आहे.

आभासी यंत्राची कल्पना खेळांसाठीं निघालेली नाहीं. १९६० नंतरच्या दशकांत संगणक फार महाग असत व एकच यंत्र अनेकांस वांटून घ्यावें लागे. प्रत्येकास स्वतंत्र व संपूर्ण यंत्र मिळाल्याचा भास व्हावा, अशी व्यवस्था अमेरिकेंतील केंब्रिज येथें आय. बी. एम. कंपनीच्या संशोधकांनीं १९६७ सालीं चालू केली. घरगुती संगणकावर हीच सोय १९९९ सालीं व्हीएमवेअरनें आणिली. २००७ सालीं व्हर्च्युअलबॉक्स आला.

या व्यवस्थेंत मूळ प्रणालीस यजमान व आंत वसणारीस पाहुणी म्हणतात. यजमान आपल्या स्मृतींतील थोडा भाग, समजा ३२ मेगाबाइट, पाहुणीस तोडून देतो. यजमानाच्या डिस्कवरील एका मोठ्या फाइलीसच पाहुणी आपली संपूर्ण डिस्क समजते. तिच्या साध्या आज्ञा खरा प्रोसेसर थेट पार पाडतो; परंतु डिस्क किंवा पडदा यांस हात घालणारी आज्ञा आली, कीं मधला व्यवस्थापक ती अडवितो व तिचें उत्तर एका बनावट उपकरणाकडून देववितो. पाहुणीला ही फसवणूक कळत नाहीं. आणि ती कोलमडून पडली, तरी यजमानाच्या घरास सहसा धक्का लागत नाहीं.

प्रत्यक्ष कृति अवघड नाहीं. यूएसबीनें जोडतां येणाऱ्या फ्लॉपी-वाचकाच्या साह्यानें प्रत्येक फ्लॉपीची हुबेहूब प्रतिमा फाइलीच्या रूपानें घ्यावी. ही फाइल १.४४ मेगाबाइटची, म्हणजे आजच्या एखाद्या छायाचित्राहूनहि लहान असते. मग आभासी यंत्र निर्माण करून त्यांत डॉस, किंवा विनामूल्य मिळणारी फ्रीडॉस, बसवावी, फ्लॉपीची प्रतिमा जोडावी आणि खेळ सुरू करावा. प्रणाली नीट बसली, कीं त्या स्थितीची नोंद करून ठेवावी. तीस स्नॅपशॉट म्हणतात. पुढें कांहीं बिघडल्यास तिच्यामुळें पूर्वस्थितीस लागलेंच येतां येतें.

येथें तबकडीच्या गतीचा प्रश्न पुन्हां उभा राहतो. १९८१ सालच्या आय. बी. एम. पीसीचा प्रोसेसर ४.७७ मेगाहर्ट्झचा होता. आजचा त्याच्या शेंकडों पट वेगवान आहे. कित्येक आरंभींचे खेळ प्रोसेसरच्या वेगासच घड्याळ मानीत. आभासी यंत्रांत ते इतके भरधांव सुटतात, कीं खेळणाऱ्याचें बोट कळेपर्यंत पोंचण्यापूर्वींच डाव संपतो. टर्बो पास्कलमध्यें लिहिलेल्या अनेक प्रोग्रॅमांची गंमत तर याहून न्यारी. ते आरंभीं एका ठराविक क्षणांत यंत्राचे किती फेरे होतात तें मोजीत व त्या संख्येस ५५ नें भागीत. यंत्रें वेगवान झालीं, तसा भागाकार १६ बिटांच्या मर्यादेंत, म्हणजे ६५,५३५ पर्यंत, मावेना. आणि कोणीं शून्यानें भागिलेलें नसतांहि प्रोग्रॅम ‘शून्यानें भागाकार’ अशी तक्रार करून बंद पडूं लागले.

यावर उपाय म्हणजे २००२ सालीं आलेला डॉसबॉक्स. खरा प्रोसेसर पाहुण्याच्या हातीं देण्याऐवजीं तो जुन्या प्रोसेसरची, तशीच जुन्या साउंड ब्लास्टर ध्वनिपत्राचीहि, नक्कल करतो. या नक्कलेंत पुष्कळ शक्ति खर्च होते, परंतु वेग हवा तसा कमीअधिक करितां येतो. म्हणून डॉसच्या खेळांस डॉसबॉक्स व विंडोज एक्सपीच्या काळांतील खेळांस आभासी यंत्र, असा ढोबळ नियम धरण्यास हरकत नाहीं. अर्थात् खेळ जुना झाला म्हणून त्यावरील मालकाचा हक्क संपत नाहीं. प्रतिमा घ्यावयाची ती आपण विकत घेतलेल्या प्रतीची.

मात्र हरवलेली वस्तु यांपैकीं कोणतीच युक्ति परत आणूं शकत नाहीं. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’च्या डॉस-आवृत्तींत पहिला टप्पा ओलांडतांच खेळाबरोबर मिळालेल्या पुस्तिकेंतील एक अक्षर शोधावें लागे व त्या अक्षराची कुपी प्यावी लागे. पुस्तिका रद्दींत गेली, कीं राजपुत्र तेथेंच अडकला! फ्लॉपीवरील चुंबकीय लेपहि कायमचा टिकत नाहीं. खुद्द मेकनर यांच्याजवळ या खेळाचा मूळ लेख उरला नव्हता. २०१२ सालीं त्यांच्या वडिलांस घरांत जुन्या फ्लॉपींचा एक डबा सांपडला, आणि वीस वर्षांहून अधिक काळ पडून राहिलेल्या त्या तबकड्या सुदैवानें वाचतां आल्या. प्रत्येक डब्याचें दैव असें बलवत्तर नसतें. खेळण्यास पुढें केव्हांहि सवड काढतां येईल. फ्लॉपींच्या प्रतिमा मात्र आजच घ्याव्या, आणि पुस्तिका त्याच डब्यांत जपून ठेवावी.