भातगिरणीचे दप्तर

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पेढीवरच्या नव्या वहीला हळदकुंकू लागते, पहिल्या पानावर 'श्री' उमटतो, वर झेंडूचे फूल येते. गेल्या वर्षीच्या वहीचे पुढे काय होते, हे मात्र कोणी विचारीत नाही. ती माळ्यावर जाते. तिच्या आधीची तिथे असतेच, आणि तिच्याही आधीची. तेथून पुढे ती उंदीर, वाळवी आणि पाऊस या तिघांच्या हवाली!

अशाच एका माळ्याशी चार महिने माझा संबंध आला, तो नाशिक जिल्ह्यातल्या घोटी येथे. मुंबई-आग्रा रस्त्याने इगतपुरी मागे टाकून नाशिककडे निघाले की घोटी लागते. कळसूबाईला जाणारी मंडळी येथूनच आत वळतात. मुलूख धो धो पावसाचा, म्हणून भाताचा. आणि भाताचा, म्हणून गिरण्यांचा. त्यांतल्या एका गिरणीचे जुने कागद संगणकात भरून देण्याचे काम मी पत्करले होते.

गिरणी लहानशीच, पण कागद किती प्रकारचे म्हणता? शेतकऱ्यांच्या हिशोबपट्ट्या, काटापावत्या, विजेची बिले, कामगारांचे हजेरीपट, बँकेची पत्रे, आणि सरकारला तांदूळ देण्याची जी लेव्ही २०१५ साली संपली तिचेही गठ्ठे. मोजदाद केली तेव्हा दोनशे फायली भरल्या. एका फायलीत सरासरी चारशे पाने धरली, तर ८०,००० पाने झाली.

शेठजींना वाटत होते की यंत्र आणले म्हणजे काम झाले. हिशोबाने पाहिले तर त्यांचे चुकत नव्हते. कागदांची चळत आपोआप ओढून घेणारा साधा स्कॅनर मिनिटाला वीस पाने टिपतो. ८०,००० पानांना ४,००० मिनिटे लागतात, म्हणजे सुमारे ६७ तास. रोज आठ तास धरले तर साडेआठ दिवस. काळ्यापांढऱ्या पानाची प्रतिमा शंभर किलोबाइटची धरली, तर सगळे दप्तर आठ गिगाबाइटमध्ये मावते. चार कपाटे आणि एक माळा अंगठ्याएवढ्या पेनड्राइव्हमध्ये!

मग चार महिने कशात गेले? पहिला महिना टाचण्या काढण्यात गेला. गंजलेली टाचणी यंत्रात गेली की काचेवर ओरखडा उठतो. घड्या उलगडायच्या, दमट पाने सावलीत वाळवायची, फाटकी पाने पारदर्शक पाकिटात घालायची. शिवलेल्या वह्या ओढयंत्रात जात नाहीत; त्यांचे एकेक पान वरून कॅमेऱ्याने टिपावे लागते. काट्याच्या यंत्रातून निघालेल्या गुळगुळीत पावत्या आधी उरकाव्या लागल्या, कारण त्या कागदावरची अक्षरे उष्णतेने उमटतात आणि उष्णतेनेच उडतात. त्यांतल्या कित्येक कोऱ्या होऊन बसल्या होत्या. भातगिरणीतली धूळ ही आणखी एक परीक्षा. काचेवर कोंड्याचा एक कण बसला की पुढच्या प्रत्येक पानावर वरपासून खालपर्यंत उभी रेघ उमटते. म्हणून दर तासाला काच पुसायची, आणि गिरणी चालू असताना दार लावून घ्यायचे.

उरलेले तीन महिने गेले ते नावे देण्यात.

यंत्र कागद टिपते, पण तो कशाचा कागद आहे हे त्याला कळत नाही. प्रत्येक प्रतिमेला ते आपला एक आकडा चिकटवून मोकळे होते. छापील मराठी अक्षर संगणक आता बऱ्यापैकी वाचतो. पण घाईत लिहिलेल्या हिशोबाच्या अक्षरापुढे त्याचा भरवसा धरवत नाही. नाव दिल्यावाचून ठेवलेली ८०,००० पाने माळ्यावर काय आणि पेनड्राइव्हमध्ये काय, सारखीच हरवलेली! फरक इतकाच, की माळ्यावरची निदान दिसतात.

सुदैवाने गिरणीत एक वृद्ध दिवाणजी होते. मी त्यांना विचारले, "दिवाणजी, एवढ्या फायली तुम्ही लावल्यात तरी कशा?"

"ताई, मी कागद लावीत नाही," ते म्हणाले. "उद्या कोण काय विचारायला येईल, ते लावतो."

मला सगळ्या कामाची किल्लीच त्यांनी हाती दिली. शेतकरी येतो तो आपले गाव आणि हंगाम सांगतो; पावतीचा क्रमांक त्याच्या ध्यानात नसतो. कर खात्याला वर्ष हवे असते. कामगार येतो तो नोकरीला लागल्याची साक्ष मागायला. तेव्हा नावात आधी वर्ष, मग महिना, मग कागदाचा प्रकार, मग गाव किंवा व्यक्ती, असा क्रम आम्ही ठरविला. वर्ष पुढे ठेवले की फायली आपोआप काळाच्या ओळीत उभ्या राहतात.

याच सुमारास एक प्रसंग घडला. गिरणीतला एक बारमाही कामगार निवृत्त होत होता. ग्रॅच्युइटीचा हिशोब १९७२ च्या कायद्याने घालून दिलेला होता: महिन्याचे वेतन भागिले २६, गुणिले १५, गुणिले नोकरीची वर्षे. कार्यालयात त्याची नोंद २००४ पासूनची होती. तो म्हणे, मी १९९६ पासून आहे. शेवटचे वेतन १३,००० रुपये. म्हणजे वर्षाला ७,५०० आणि आठ वर्षांचे ६०,००० रुपये. शेठजींना बुडवायचे नव्हते, पण पुराव्यावाचून ते देणार तरी कसे?

जुने हजेरीपट आम्ही टिपले होते, पण त्यांत त्याचे नाव कोठेच सापडेना. दिवाणजींनी पडद्यावरचे पान पाहिले आणि एका ओळीवर बोट ठेवले. त्या काळी हजेरीत त्याला घरच्या लाडक्या नावाने आणि गावाने लिहीत. आठ वर्षांची हजेरी तेथे होती. शेठजींनी पान वाचले आणि पूर्ण रकमेचा धनादेश लिहिला.

येथे थोडे थांबावे. जीएसटीचा कायदा हिशोबाचे कागद वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवायला सांगतो. तेवढ्यावरच भागवून कोणी ते हजेरीपट रद्दीत घातले असते, तर कर खात्याचे काही बिघडले नसते. बिघडले असते त्या माणसाचे. काय राखायचे हे ठरविताना सरकार किती वर्षे मागते, इतकेच पाहू नये. त्या कागदावर कोणाची भाकरी अवलंबून आहे, तेही पाहावे.

तसेच, प्रत झाली म्हणून मूळ कागद फाडू नये. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे संगणकातली नोंद न्यायालयात चालते, पण सोबत ठराविक प्रमाणपत्र लागते. खरेदीखत, मृत्युपत्र, मुद्रांकावरचे करार आणि सहीच्या वचनचिठ्ठ्या यांची मूळ प्रत जपलीच पाहिजे. आणि संगणकाच्याही एकाच प्रतीवर विसंबू नये. तीन प्रती, दोन निरनिराळ्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या गावी.

आपल्याकडे ही विद्या नवी नाही. पेशवे दप्तरातले कागद कापडात बांधलेले असत, त्या गाठोड्याला 'रुमाल' म्हणत. असे हजारो रुमाल पुण्यात पडून होते. गो. स. सरदेसाई यांनी त्यांतले निवडक कागद १९३० ते १९३४ या काळात ४५ खंडांत प्रसिद्ध केले, तेव्हा कोठे ते दप्तर अभ्यासकांना बोलू लागले. छापखाना त्याच्या पुष्कळ आधीपासून होता. खोळंबा होता तो वाचून, निवडून, विषयवार लावणाऱ्या माणसाचा.

वाचक म्हणतील, आम्हांला गिरणी नाही. पण घरोघरी एक ट्रंक असतेच. तीत घराचा करार, विम्याची पत्रे, आजोबांच्या निवृत्तिवेतनाचा आदेश आणि कोणा आत्याचे जन्माचे दाखले असतात. या सुटीत ती खाली काढा. मोबाइलने टिपणे हे नातवंडांचे काम. ते त्यांना सांगावे लागणार नाही. तुम्ही आजीला शेजारी बसवा, एकेक कागद तिच्या हाती द्या आणि विचारा, "हा कोणाचा, आणि कशासाठी?" ती सांगेल ते त्याच दिवशी त्या फायलीच्या नावात लिहून ठेवा. घोटीचे दिवाणजी पुढच्या मार्चमध्ये काम सोडणार आहेत. त्यांच्या डोक्यातले दप्तर जेवढे उतरवून घेता आले, तेवढे आम्ही घेतले आहे.