क्लब आपला, पैसे आपले, नफा शून्य... मग दारूसाठी लायसन्स कशाला?

समजा, शहरातला एक जुना जिमखाना आहे. संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली, नफा कमवायचा नाही हे घटनेतच लिहिलेलं. सभासद वर्गणी काढतात आणि कॅरम, बॅडमिंटन झालं की शनिवारी संध्याकाळी सगळ्यांच्या पैशातून आणलेल्या बाटल्या उघडतात. विक्री नाही, गिऱ्हाईक नाही, कमाई नाही. मग यात बेकायदा काय?

महाराष्ट्रात याचं उत्तर आहे, सगळंच.

राज्यात आजही १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे. हो, नाव दारूबंदीचंच. आधी 'मुंबई दारूबंदी कायदा' होता, आता 'महाराष्ट्र दारूबंदी कायदा' आहे. त्याची रचनाच उलटी आहे. दारू मुळात बंद, आणि परवाना असेल तर सूट. त्यामुळे 'आम्ही काही चुकीचं करत नाही' यापेक्षा 'आमच्याकडे कागद आहे' हे महत्त्वाचं ठरतं.

आणि हा कायदा लिहिणाऱ्यांनी क्लबवाल्यांचा युक्तिवाद आधीच ओळखला होता. 'विकणे' या शब्दाच्या व्याख्येत त्यांनी संस्थेने, क्लबने किंवा संघटनेने किंमत, फी किंवा वर्गणी घेऊन आपल्याच सभासदांना दारू पुरवणंही घालून ठेवलं. म्हणजे 'आम्ही विकत नाही, वाटून घेतो' हा बचाव पहिल्याच पायरीवर संपतो.

दुसरी व्याख्या त्याहून कडक आहे. कायद्यात 'कॉमन ड्रिंकिंग हाऊस' असा शब्द आहे, साध्या भाषेत दारूचा अड्डा. त्यात क्लबची जागा नाव घेऊन येते. एकापेक्षा जास्त लोक जिथे नेहमी दारू प्यायला बसतात ती जागा, मग त्यातून कुणाला नफा होवो अगर न होवो.

ढाब्यावर छापा पडल्याच्या बातम्यांमध्ये कलम ६८ आणि ८४ हे आकडे वाचले असतील. ६८ हे अड्डा चालवणाऱ्यांसाठी आहे. त्यात फक्त मालक नाही, तर जागेची देखभाल, व्यवस्थापन किंवा ताबा ज्याच्याकडे आहे तोही येतो. क्लबला मालक नसतो, पण अध्यक्ष आणि सेक्रेटरी असतात. हौसेने, बिनपगारी पद घेतलेल्या माणसावर गुन्हा दाखल होऊ शकतो, तो असा.

८४ हे तिथे बसलेल्यांसाठी. पिणं सुरू असताना जो तिथे सापडेल, तो पिण्यासाठीच आला होता असं कायदा गृहीत धरतो. 'मी फक्त चकणा खात होतो' हे सिद्ध करायची जबाबदारी चकणा खाणाऱ्याची.

मग मार्ग काय? राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून मिळणारं एफएल-४, म्हणजे क्लब लायसन्स. परमिट रूमचं एफएल-३ असतं, तिथे कुणीही गिऱ्हाईक म्हणून जाऊ शकतं. एफएल-४ हे क्लबच्या वर्तुळापुरतं. दरवर्षी शुल्क भरून त्याचं नूतनीकरण करावं लागतं. कायमचं नको, एका संध्याकाळपुरतंच हवं असेल तर एफएल-४ए हा तात्पुरता परवाना आहे. थर्टी फर्स्टच्या पार्टीसाठी लोक धावपळ करतात ती याचसाठी.

क्लबला परवाना मिळाला तरी पिणाऱ्याकडे स्वतःचं परमिट लागतंच. विदेशी मद्यासाठी एक दिवसाचं ५ रुपये, वर्षाचं १००, आजीवन १,००० रुपये असे त्याचे दर वर्षानुवर्षे चालत आलेत. वयाची अट बिअरसाठी २१, व्हिस्की-रमसारख्या कडक मद्यासाठी २५. सभासदाचा तेवीस वर्षांचा मुलगा बिअर घेऊ शकतो, व्हिस्की नाही.

इथे एक गोंधळ नेहमी होतो. ऑक्टोबर २०१९ मध्ये कलकत्ता क्लबच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की क्लब आणि सभासद वेगळे नाहीत, त्यामुळे क्लबने सभासदाला खाद्यपदार्थ, पेय देणं ही विक्री नाही. व्हॉट्सॲपवर एवढं वाचून 'बघा, लायसन्सची गरज नाही' असं कुणी म्हणत असेल तर ते चूक आहे. तो निकाल विक्रीकर आणि सेवाकराबद्दल होता. दारूबंदी कायद्याची स्वतःची व्याख्या आहे, ती वर आलीच.

निवडणुकीतही तेच. मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांच्या ड्राय डेसाठी निवडणूक आयोगाच्या सूचना निघतात, त्यात हॉटेलांच्या बरोबरीने 'मालक नसलेले', म्हणजे सभासदांनी चालवलेले क्लबही येतात. लायसन्स कुठल्याही प्रकारचं असो, त्या दोन दिवसांत जिमखान्याचा बारही बंदच ठेवावा लागतो.