काजळी काय सांगते? बंब, गॅस गिझर आणि न्हाणीघरातली हवा

नगर जिल्ह्यात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे असा गारठा पडतो, की अंघोळीला कढत पाणी लागतंच. थंड देशांत घर तापवायला बॉयलर असतो. आपला बॉयलर म्हणजे अंगणातला तांब्याचा बंब, आणि अलीकडे न्हाणीघरात टांगलेला गॅस गिझर. दोन्हींत जाळ आहे, म्हणून काजळीचा प्रश्नही दोन्हींत आहे.

काजळी धरते कशी? पूर्वी घरोघरी दिव्यावर वाटी धरून काजळ पाडत. वाटीमुळे ज्योत थंड होते, हवा अडते, आणि न जळलेला कार्बन वाटीला चिकटतो. तिथे काजळ आपल्याला हवंच असतं. बंबात किंवा गिझरमध्ये मात्र ते अपुऱ्या ज्वलनाचं लक्षण आहे. अशा ज्वलनात कार्बन मोनॉक्साइडही तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा 200हून अधिक पटींनी घट्ट धरतो.

बंबाचं एक बरं आहे: बिघडला की धूर करून सांगतो. मधल्या नळ्यात काजळीचा थर बसतो, खालची जाळी राखेनं बुजते, सरपण ओलं असतं. नळा झाडला, जाळी मोकळी केली, कोरडं सरपण घातलं, की जाळ सुधारतो. पण बंब उघड्यावरच पेटवायचा. थंडी आहे म्हणून निखारे घरात आणून दार लावणं जिवावर बेतू शकतं.

गिझर असा ओरडत नाही. थोडं गणित करू. एक किलो एलपीजी पूर्ण जळायला साधारण 12 घनमीटर हवा लागते. चालू गिझर तासाला किलोभराच्या आसपास गॅस जाळतो. म्हणजे 15 मिनिटांत 3 घनमीटर हवा. चार बाय सहा फुटांच्या, आठ फूट उंच न्हाणीघरात हवा असते जेमतेम साडेपाच घनमीटर. खिडकी बंद, दाराखाली पायपुसणं! चांगला गिझरसुद्धा अशा ठिकाणी अपुरा जळू लागतो.

मग ओळखायचं कसं? ज्योत निळी आणि स्थिर हवी. पिवळी, लांब, फडफडणारी दिसली, तर हवा कमी पडते आहे. गिझरच्या वरच्या झरोक्याजवळ काळे डाग आहेत का, पाहा. पाणी पूर्वीइतकं तापत नाही का? अंघोळीत डोकं जड होतं, मळमळतं, आणि बाहेर आल्यावर बरं वाटतं का? असं झालं तर त्याच दिवशी गिझर बंद करा.

बर्नरच्या हवेच्या वाटेत धूळ किंवा कोळ्याचं जाळं अडकतं, ज्योत पिवळी होते, वरच्या तांब्याच्या पात्यांवर काजळी बसते. पात्यांमधली वाट अरुंद झाली की जळका वायू नीट बाहेर जात नाही, हवा आणखी कमी मिळते, काजळी आणखी वाढते. म्हणून बाहेरून पुसून भागत नाही. जाणकार मेकॅनिककडून बर्नर आणि पाती दोन्ही साफ करून घ्यावी लागतात. इंग्लंडमध्ये भाड्याच्या घरातल्या गॅस बॉयलरची दरवर्षी तपासणी कायद्यानं सक्तीची आहे. आपण निदान थंडीच्या आधी एकदा करू.

एक गैरसमज मात्र सोडा. ‘गॅसचा वास नाही, काजळी नाही, म्हणजे सगळं ठीक,’ असं नाही. वास मिसळलेला असतो तो न जळलेल्या एलपीजीत. कार्बन मोनॉक्साइडला तो नसतो. म्हणून खरा उपाय जागेचा. गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवा आणि आत फक्त गरम पाण्याचा पाइप न्या. ते होईपर्यंत बादली भरा, गिझर बंद करा, दार उघडून हवा खेळू द्या, मगच अंघोळीला बसा.

आणि आतून हाकेला ओ आली नाही, तर वाट बघू नका. दार उघडा, लागलं तर तोडा. श्वास रोखून माणसाला मोकळ्या हवेत आणा, गॅस बंद करा, 108ला फोन लावा. डॉक्टरांना ‘गॅस गिझर चालू होता’ हे आवर्जून सांगा. बोटाला लावायचं साधं ऑक्सिमीटर या विषबाधेत आकडा चांगला दाखवून फसवतं.

आज घरी गेलात, की आधी ज्योतीचा रंग बघा.