गवती चहा आणि सोन्याचे त्रिकोण

पावसाळ्यात चहात टाकायला आपण परसातली गवती चहाची पात खुडतो. तीच पात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री आणि सहकाऱ्यांनी चिरून उकळली आणि तिचा अर्क सोन्याच्या क्षाराच्या द्रावणात मिसळला. भट्टी नाही, जहाल रसायन नाही. खोलीच्या तापमानालाच सोन्याचे चपटे, त्रिकोणी नॅनोकण तयार झाले. २००४ मध्ये हे संशोधन ‘नेचर मटेरियल्स’मध्ये प्रसिद्ध झाले.

नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. या मापाला सोने पिवळे राहत नाही. सुमारे २० नॅनोमीटरचे गोल कण पाण्यात माणकासारखे लाल दिसतात; ते मोठे होत गेले की रंग जांभळ्याकडे झुकतो. रंगाबरोबर गुणही बदलतात, म्हणून सगळी मदार मापावर.

असे कण करताना दोन कामे साधावी लागतात. धातूच्या आयनांना इलेक्ट्रॉन देऊन त्यांचे अणू करायचे, म्हणजेच क्षपण; आणि तयार कण एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्यांच्यावर वेष्टण चढवायचे. काही रूढ पद्धतींत त्यासाठी सोडियम बोरोहायड्राइड आणि टोल्युइनसारखा द्रावक लागतो. वनस्पतींच्या अर्कातली शर्करा, अल्डिहाइडे, पॉलिफिनॉल अशी द्रव्ये ही दोन्ही कामे पाण्यातच उरकतात.

माप कसे ठरते? परातीतले बेसन तेवढेच असेल, तर जितके जास्त लाडू वळाल तितका एकेक लाडू लहान. अर्क वाढवला की क्षपण झपाट्याने होते, कणांची बीजे एकदम पुष्कळ पडतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला सोने कमी येते. पुण्यातल्याच चमूने पुढे दाखवले, की गवती चहाचा अर्क वाढवला की त्रिकोण लहान होतात आणि ते कोणता प्रकाश शोषतील हेही त्यावरून ठरवता येते. मापावरचा असा ताबा नवा नाही. लिंबातल्या आम्लाच्या क्षाराने, सायट्रेटने, सोन्याचे कण करण्याची टर्केविच यांची पद्धत १९५१ची. सायट्रेटचे प्रमाण बदलून कणांचे माप बदलता येते, हे फ्रेन्स यांनी १९७३ मध्ये दाखवले.

अडचण पानातच आहे. सायट्रेट काट्यावर तोलता येते. पानाचा अर्क मात्र माती, ऋतू आणि वाळवण यांप्रमाणे बदलतो. मग कृती तीच राहूनही कणांचे माप चुकते. पान वापरले एवढ्याने पद्धत ‘हिरवी’, म्हणजे पर्यावरणस्नेही, ठरत नाही. हव्या मापाचे कण दर खेपेला मिळायला हवेत; कारण बिघडलेला प्रत्येक घाणा शेवटी कचऱ्यातच जातो.