आखजीला आंबा कोणता घ्यावा?

मैत्रिणींनो, ‘सगळ्यांत चांगला आंबा कोणता?’ असं कुणी विचारलं की आपण ‘हापूस!’ म्हणून मोकळ्या होतो. पण कोकणातून आपल्या बुलढाणा जिल्ह्यात येईपर्यंत त्याचा भाव असा चढतो, की सात माणसांच्या रसाला तो परवडतच नाही. म्हणून आधी ठरवावं, आंबा कशासाठी हवा आणि कधी?

हे मी फजितीतून शिकले. २०२३ साली आखजी २२ एप्रिललाच आली. आमच्याकडे पितरांच्या पानावर रस वाढल्याशिवाय कुणी आंबा चाखत नाही. शाळेतून येता येता पिवळेधमक बदाम आंबे घेतले, स्वस्तही मिळाले. कापले तर कोयीजवळ पांढरे, कडक आणि आंबट! सासूबाई एवढंच म्हणाल्या, “रंग पाहून आणले का गं?” साखर घालून वेळ निभावली, पण मनाला लागलंच.

तेव्हा रंगावर जाऊ नका. कॅल्शियम कार्बाइडच्या पुडीनं साल पिवळी होते, गर मात्र कच्चा राहू शकतो. या पुडीनं फळं पिकवायला कायद्यानं बंदी आहे, कारण तिच्यात आर्सेनिक नि फॉस्फरसचा अंश असू शकतो. देठापाशी आंबा हुंगून पाहा. वास नसेल तर सरळ पुढच्या गाडीवर जा.

एप्रिलात आंध्र-तेलंगणाकडचा बदाम येतो. गर भरपूर, रेषा कमी, तो फोडींना छान. रसासाठी मे महिन्यातल्या केशरची वाट पाहावी, तो शेजारच्या मराठवाड्यातच पिकतो. जूनमध्ये लंगडा येतो. पिकला तरी तो हिरवाच दिसतो, तेव्हा कच्चा समजून परत ठेवू नका. तोतापुरी तिखटमीठ लावून खायला, आणि लोणच्याला व चोखायला आपला गावरानच!

गावरान घरीच पिकवा. जून कैरी पाण्यात बुडते, कोवळी तरंगते. बुडालेल्या तेवढ्या कोरड्या करून गव्हाच्या काडात अढी घाला आणि रोज एकदा चाळवा.

आखजीला मी आता वास पाहून पितरांपुरते दोनच आंबे आणते. घरच्यांचा रस केशर आल्यावर. सासूबाई रागावतील असं वाटलं होतं. पण त्या म्हणाल्या, “पितरांना नैवेद्य पुरतो बाई, पोटभर तर आपल्यालाच खायचंय!”